ह्याला रकाना नाही

आमच्या वकीलसाहेबांना माणसांचा फार कंटाळा होता. माणूस आला की बोलतो, बोलला की भरकटतो, भरकटला की रडतो, आणि रडला की त्याच्यासाठी चहा सांगावा लागतो. "पक्षकार नसते ना बाई, तर वकिलीसारखा सुंदर धंदा नव्हता," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. विनोद आहे असं समजून मी हसले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं काही बघितलं, की पुढची आठ वर्षं त्या ऑफिसात हसायच्या आधी मी दोनदा विचार करत असे.

आणीबाणी नुकतीच उठली होती. टायपिंगच्या इंग्लिश आणि मराठी अशा दोन्ही परीक्षा पास होऊन आणि एका पोरीची आई होऊन मी बेळगावात कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांच्याकडे कामाला लागले. बाहेर पाटी होती, 'टायपिस्ट पाहिजे'. खरं तर साहेबांना टायपिस्ट नकोच होती. टायपिस्ट लागणारच नाही अशी व्यवस्था उभी करायला त्यांना एक माणूस हवा होता, आणि ते काम टायपिस्टशिवाय कुणाला येणार? म्हणजे माझ्याच पोटावर मीच पाय द्यायचा, आणि तोही समास सोडून, नीट टाइप करून द्यायचा.

माणूस उंच, वाळकुडा. मे महिन्यातसुद्धा काळा कोट अंगावर. खिशात चार पेनं. काळं लिहायला, निळं सहीला, लाल दुसऱ्यांच्या चुका काढायला. हिरवं कशाला, असं मी एकदा विचारलं. "ते माझ्या चुकांसाठी," साहेब म्हणाले. त्या पेनाचं टोपण उघडलेलं मी बरीच वर्षं बघितलं नाही.

साहेबांचा सिद्धांत असा, की जगात भांडणं एकूण एकोणीस. बांधाचं, वाटणीचं, भाडेकरूचं, नवरा-बायकोचं, देवळातल्या पूजेच्या पाळीचं, असं मोजत मोजत ते एकोणीसवर येऊन थांबायचे. "विसावं दाखवा, सनद परत करतो," म्हणायचे. बाकी सगळ्या नकला, नुसती नावं बदललेली. मग दर वेळी तेच तेच टाइप करत का बसायचं? म्हणून एकोणीस भांडणांच्या एकोणीस स्टेन्सिली. मेणाच्या त्या कागदावर मजकूर एकदाच टाइप करायचा, नावागावाच्या जागा कोऱ्या सोडायच्या, स्टेन्सिल सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवायची, शाई घालायची आणि दांडा फिरवायचा. पन्नास दावे बाहेर. कोऱ्या जागेत नाव भरलं की झाला अन्याय दूर.

बाकावर बसलेल्यांनाही नंबर. मी आत जाऊन सांगायची, "साहेब, एक अकरा नंबर आलाय आणि दोन सात." सात म्हणजे नवरा-बायको. एकदा दोन सात नंबर शेजारी शेजारी बसले होते आणि अर्ध्या तासानं कळलं की ते एकमेकांचेच आहेत. साहेब म्हणाले, "आधी आला त्याला आत घ्या, दुसऱ्याला समोरच्या वकिलांकडे पाठवा." आधी कोण आलं यावरनं त्या दोघांचं बाहेर जुंपलं, मग कशावरनं तरी हसू आलं, आणि दोघं मिळून खाली चहा प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. मिटलेल्या भांडणाला नंबर नव्हता, त्यामुळं त्याची नोंद कुठं झाली नाही.

दारावर दोन दिवे लावले होते. हिरवा पेटला की आत यायचं, लाल असला की बसायचं. बेळगावची वीज तेव्हा मनात आलं तर असायची. ती गेली की ना हिरवा ना लाल, आणि बाहेरचा माणूस बाहेर, आतला आत. एकदा एक येळ्ळूरचा माणूस आत अडकून दीड तास बसला, कारण बाहेर जायला कुठला दिवा ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो टेपरेकॉर्डर! पक्षकाराशी प्राथमिक बोलणं आपण कशाला करायचं, म्हणून साहेबांनी आपल्या आवाजात एक कॅसेट भरली. 'नमस्कार. बसा. नाव सांगा. फक्त नाव.' मग घड्याळ लावून सोडलेली दहा सेकंद. 'धन्यवाद. गाव सांगा.' पुन्हा दहा सेकंद. एके दिवशी निपाणीहून तंबाखूच्या धंद्यातला एक म्हातारा आला, डोक्याला मोठा पटका. मी बटण दाबलं. बॅटऱ्या उतरल्या होत्या, त्यामुळं साहेबांचा आवाज खोल विहिरीतनं आल्यासारखा लांबत लांबत यायला लागला.

"रामराम सायेब," म्हातारा पेटीला म्हणाला.

'बसाऽऽ.'

"बसलोय की. नाव सांगायचं म्हंजी आदी आज्यापासनं सांगाय पायजे. आमचा आजा..."

'धन्यवाऽद. गाव सांगाऽऽ.'

"अवो थांबा की! नाव व्हऊ द्या आदी!" म्हातारा उठून उभा राहिला. पेटी पुढच्या प्रश्नावर गेली होती. तो माझ्याकडे वळला. "घरात म्हातारी आयकत न्हाय म्हणून हितं आलतो, तर ह्यो वकील बी तसलाच निगाला. आनि सकाळी सकाळी घेतल्याली दिसत्या सायेबानं." आणि पायताणं घालून चालता झाला.

मी आत जाऊन सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "थोडे अपवाद मी धरलेलेच आहेत."

पण खरं वेड लागलं ते शहापुरात. एका विणकर पक्षकाराची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत गेलीय की नाही हे बघायला साहेब गेले आणि भिंत बघायची विसरून माग बघत बसले. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. भोक असेल तिथं सुई आत शिरायची, नसेल तिथं थांबायची, आणि खाली साडीच्या काठावर नक्षी आपोआप उमटायची. परत आले ते डोळे लकाकत. "बाई, पुठ्ठ्याला जर मोर काढता येतो, तर वाटणीचा दावा का काढता येऊ नये?" भिंतीचं काय झालं, असं मी विचारलं. "कुठली भिंत?" ते म्हणाले.

तीन महिन्यांत साहेबांची 'यंत्रणा' तयार झाली. हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, त्यांच्या कडांना ओळीनं बारीक छिद्रं, प्रत्येक छिद्राला नंबर. पक्षकाराला जे लागू असेल त्या नंबरचं छिद्र चिमट्यानं कडेपर्यंत कापायचं. मग सगळ्या कार्डांची चळत हातात धरून एखाद्या छिद्रातनं स्वेटर विणायची लांब सुई घातली आणि उचलली, की कापलेली कार्डं खाली पडायची, बाकीची सुईला लटकून राहायची. आणि प्रत्येक नंबरामागं एक तयार वाक्य. कार्डावर जे नंबर कापलेले, ती वाक्यं ओळीनं जोडली की दावा तयार. कुणी वाचायची गरज नाही. "वाचलं की शंका येते," साहेब म्हणायचे, "आणि शंका आली की वेळ जातो." चिमटा उद्यमबागेतल्या एका कारखानदार पक्षकारानं बनवून दिला. साहेबांनी तो तीनदा परत पाठवला, काप सरळ येत नाही म्हणून. त्या बिचाऱ्याचा स्वतःचा दावा तोवर दोन तारखा पुढं गेला होता.

कार्ड कापायच्या आधी मी एक फॉर्म भरायची. त्यात रकाने. रकान्यात मावेल तेवढंच विचारायचं, तेवढंच लिहायचं. सहावा रकाना होता: 'मयतास आपण काय म्हणत होता? (एकच शब्द)'. नातं काय, असं सरळ विचारलं की लोक चुलत सासऱ्याच्या मेव्हण्यापासनं सुरुवात करतात, म्हणून ही युक्ती. हाक कळली की नातं कळलं. हाकांची यादी साहेबांनी स्वतः केली होती, स्वतःच्या घरावरनं. त्यांच्या घरी आई ती आई, आणि आक्का ती थोरली बहीण, धारवाडला दिलेली. त्यामुळं 'आक्का'ला चौदा नंबर, आणि वाक्य नंबर चौदा: मयत ही वादीची थोरली बहीण होती. इंग्लिशमध्ये, अर्थातच.

आता एक सांगते, म्हणजे माझीही बाजू तुम्हाला कळेल. आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त चालणारी स्टेन्सिल दाव्याची नव्हती, हक्कसोडपत्राची होती. बाप गेला, आई गेली, की भाऊ बहिणींना ओळीनं घेऊन यायचे. नव्या लुगड्यात, घडी मोडलेलीसुद्धा नाही. 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय माझा हक्क सोडत आहे.' ती स्टेन्सिल इतकी चालली की 'स्वखुशीने' ह्या शब्दापाशीच झिजून फाटली. मी ती दोनदा नव्यानं कापली. माझं स्वतःचंही हक्कसोडपत्र मीच त्या यंत्रावर काढलं. माझ्या भावानं ऑफिसात येऊन बसून काढून घेतलं. दांडा फिरवायला दोन मिनिटं लागली नाहीत. साहेब म्हणाले, "बघा, किती वेळ वाचला."

तर अशा त्या ऑफिसात एक दिवस वडगावची शेवंता आली. चाळिशीची, हाताची बोटं सुतानं कापून चरे पडलेली. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं आईपाशी राहिलेली. आईच्या घराच्या मागच्या खोलीत तिचा सूत गुंडाळायचा रहाट होता, त्यावर ती मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. घर आईच्या नावावर, आईच्या बापानं आईला दिलेलं. आई गेली आणि भावाला मागची खोली पाहिजे झाली. तिथं त्याला दोन यंत्रमाग बसवायचे होते. त्यालाही बिचाऱ्याला सुधारणाच करायची होती.

"मी काल बी आलतो बाई," ती म्हणाली, "पन लाल दिवा हुता." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. "भावानं कागद आणलाय. सही कर म्हंतोय."

मी कागद बघितला. दुसऱ्या वकिलाकडचा होता, पण मजकूर तोच. "मग?" मी म्हटलं.

"मी म्हटलो, सही करीन की. पन ते 'स्वखुशीनं' हाय न्हवं, ते खोडा आदी. तर खोडंना. मग मी बी करंना."

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढं साधं वाक्य. मला का नाही सुचलं?

पण कौतुक करायला रकाना नव्हता. मी फॉर्म घेतला आणि घडाघडा विचारत सुटले. दुपारची वेळ, बाहेर आणखी सहाजण. मयतास काय म्हणत होता? "आक्का," ती म्हणाली. मी 'आक्का' लिहिलं. तिनं पिशवीतनं रेशन कार्डात घडी करून ठेवलेला एक छापील कागद काढला. "बाई, हे बी घ्या की. आक्काच्या दिवसाचं कार्ड हाय." मी मान वर न करता म्हटलं, "ह्याला रकाना नाही." तिनं घडी परत घातली. मी चौदा नंबरचं छिद्र कापलं. साहेबांनी निळ्या पेनानं सही केली, न वाचता.

आणि आता कबूल करते. माझ्या आईला आम्ही आक्काच म्हणतो. आजोळी तिची धाकटी भावंडं तिला आक्का म्हणायची, ते ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. अर्ध्या बेळगावात असंच आहे. कुणाच्या आईला आक्का, कुणाच्या आईला वहिनी, बापाला आण्णा नाहीतर आप्पा. त्या दिवशी सकाळी डबा भरताना मी दहा वेळा आक्काला हाक मारली असेल. आणि दुपारी तोच शब्द कानांनी ऐकला, हातांनी लिहिला, चिमट्यानं कापला, आणि डोक्यात काही म्हणता काही आलं नाही.

भावाच्या वकिलाला तो दावा म्हणजे दिवाळी झाली. भाऊ मयताचा मुलगा, असं आम्हीच लिहिलेलं, आणि शेवंता मयताची बहीण, असंही आम्हीच लिहिलेलं. म्हणजे शेवंता आपल्या सख्ख्या भावाची मावशी! त्यानं उत्तर दिलं: मुलगा असताना बहिणीला कसला आलाय वाटा? मावशीनं खोली रिकामी करावी. सगळ्या कोर्टाला माहीत होतं की ह्या मायलेकी आहेत. भावाच्या वकिलालाही माहीत होतं. फक्त कागदाला माहीत नव्हतं, आणि कोर्टात मान कागदाला.

शेवंता पुन्हा आली तेव्हा लाल दिवा असूनही सरळ आत आली. "बाई, माज्या आक्काची मी भन कशी झालो ओ? गल्लीतली पोरं मावशी मावशी म्हणून चिडवाय लागल्यात. भाऊ म्हंतोय, मावशी, कवा जानार गावाला? म्हैनाभरात खोली गेली तर रहाट घिऊन मी कुटं बसू, चवाट्यावर?"

मी कार्ड काढून साहेबांसमोर ठेवलं. साहेबांनी ते उजेडाकडे धरून बघितलं. "चौदा. बरोबर कापलंय. यंत्रणेत चूक नाही."

"यंत्रणेत नाही साहेब, यादीत आहे. आमच्याकडं आईलाही आक्का म्हणतात."

"आईला आक्का? हे कुठं लिहिलंय?"

"कुठं लिहायचं? घरात कोण लिहितं का?"

त्यांनी कार्ड परत चळतीत घातलं. मग म्हणाले, "काही हरकत नाही. दाव्यात दुरुस्ती मागू. स्टेन्सिल तयार आहे, 'द' नंबरची, काढा."

मी काढली. दुरुस्तीच्या अर्जाची ती स्टेन्सिल मी यायच्या आधीची होती. त्यात दुसऱ्याच ओळीत कारण छापलेलं: 'टायपिस्टच्या नजरचुकीने'. नाव, गाव, तारीख सगळं कोरं, पण गुन्हेगार पक्का. मी कामाला लागायच्या आधीच चुकले होते! माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी साहेबांसमोर आवाज चढवला.

"मी हे काढणार नाही. चूक माझीही आहे, मी विचारलं नाही. पण तुम्ही मला विचारूच दिलं नाही. एकच शब्द म्हणे! आणि समजा दिला हा अर्ज. समोरचा म्हणणार, आई होती कशावरनं? तेव्हा काय सुई घालून दाखवणार? तिला शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. तिला विचारा, तुमच्याकडं काय आहे म्हणून."

"मी विचारू?"

"हो, तुम्ही. तोंडानं. टेप लावू नका."

नोकरी गेली असं धरूनच मी बाहेर जाऊन बसले. मग आतनं साहेबांचा आवाज आला, घसा खाकरून, अवघडलेला. नव्या नवरदेवाला उखाणा घे म्हटल्यावर येतो ना, तसला. "बसा. काय... कशी होती तुमची आक्का?"

आणि शेवंता बोलायला लागली. आक्का विहिरीवर कशी पडली इथनं सुरू झाली, आज्याकडं गेली, नवऱ्याच्या घरी जाऊन आली, भाऊ तापानं फणफणला तेव्हा दोघींनी त्याला पाळीपाळीनं मांडीवर कसा घेतला ते सांगितलं. भरकटली. रडली. साहेबांनी दार उघडून मला म्हटलं, "बाई, चहा सांगा." तासाभरानं तिनं डोळे पुसायला पिशवीतनं रुमाल काढला, त्याबरोबर रेशन कार्ड आलं, आणि त्यातनं तो घडी घातलेला कागद.

"हे मी बाईंना त्या दिवशी दावलं हुतं," शेवंता म्हणाली. "त्या म्हटल्या, ह्याला रकाना न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

आईच्या उत्तरकार्याचं कार्ड होतं ते. भावानंच छापलेलं, काळ्या चौकटीतलं. 'आमच्या मातोश्री' आणि पुढं आईचं नाव, आणि नावापुढं कंसात, घरातली हाक म्हणून, 'आक्का'. खाली शोकाकुल म्हणून दोनच नावं. मुलगा अमुक. मुलगी शेवंता.

कोर्टात त्या दिवशी मीही गेले. न्यायाधीश म्हैसूरकडचे, कानडी बोलणारे, शांत गृहस्थ. ते म्हणाले, आक्का म्हणजे थोरली बहीण, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. दुरुस्ती मागताय तर काहीतरी दाखवा. भावाला पिंजऱ्यात उभं केलं. साहेबांच्या हातात उलटतपासणीचा सायक्लोस्टाइल केलेला कागद होता, कुठल्याही साक्षीदाराला चालणारे बावीस प्रश्न, पहिला 'आपलं वय काय?' आणि शेवटचा 'आपण खोटं बोलत आहात हे खरं आहे का?' साहेबांनी तो वर धरला, चष्मा सारखा केला, आणि घडी करून खिशात घातला.

"लहानपणी तहान लागली की घरात कुणाला हाक मारत होता?"

भाऊ गोंधळला. हा प्रश्न त्याच्या वकिलानं घोकून घेतला नव्हता. "आईला."

"काय म्हणून?"

त्यानं आपल्या वकिलाकडे बघितलं. वकील छताकडे. "आई म्हणून," तो म्हणाला.

"बरं. आणि ही आक्का कोण हो?" म्हणून साहेबांनी कार्ड त्याच्या हातात दिलं. "मोठ्यानं वाचा. खालची नावंसुद्धा."

त्यानं वाचलं. 'मातोश्री'पर्यंत नीट वाचलं. कंसातल्या शब्दाशी आला आणि आवाज फाटला. पुढं वाचेना. पिंजऱ्याचा कठडा धरून खाली बघत उभा राहिला. माझ्या शेजारी बसलेली शेवंता हळूच म्हणाली, "अगं बाई, रडतोय की त्यो," आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्याची अजिबात दया आली नाही, खरं सांगते. दुरुस्ती मंजूर झाली. पुढं दोन वर्षं रडतखडत दावा चालला, पण खोली तिच्याकडं राहिली आणि रहाटही.

आता तुम्हाला वाटेल साहेबांनी यंत्रणा गुंडाळली. छे! असले लोक सुधारतात होय? दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरवं पेन काढलं. ते वाळून खडखडीत झालेलं. मी गरम पाण्यात बुडवून चालू करून दिलं. मग त्यांनी यादीत 'आक्का'पुढं दोन नंबर केले, आक्का आई आणि आक्का बहीण. आण्णाचेही दोन, आण्णा वडील आणि आण्णा भाऊ. नवी कार्डं छापून घेतली, आणि नियम केला: एका हाकेला एकच छिद्र कापायचं, विचारून, खात्री करून. दोन कापलेलं कार्ड दिसलं तर टायपिस्टनं ते फाडावं. हक्कसोडपत्राच्या स्टेन्सिलीतलं 'स्वखुशीने' मात्र कायद्याला लागतं म्हणून तसंच राहिलं.

निकालानंतर शेवंता डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. साहेब नव्या कार्डांच्या चळतीत गढलेले होते. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि वाकून पाया पडली.

"घ्या आण्णा."

साहेबांनी ताबडतोब पेन उचललं. मी शपथेवर सांगते, चेष्टा नव्हती. "आण्णा म्हणजे? वडील की थोरला भाऊ? स्पष्ट सांगा."

शेवंतानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माजं घर ठेवलासा," ती म्हणाली. "आता कुटल्या भोकात घालायचं ते तुमचं तुमी ठरवा की."

आणि डब्याचं झाकण काढून ठेवून ती गेली. डबा नंतर न्यायला येतो म्हणाली.

साहेब गेले तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. त्यांचा मुलगा परगावाहून आला, ऑफिस रिकामं करायला मला बोलावलं. सायक्लोस्टाइल, दिवे, टेप, सगळं भंगारात जायचं होतं. कार्डांची पेटी उचलताना मला कसली बुद्धी झाली कोण जाणे, मी सुई घेतली आणि 'आण्णा, वडील' ह्या नंबरातनं घालून चळत उचलली. बरीच कार्डं पडली, त्यात एक शेवंताचं होतं, वर नाव साहेबांच्या अक्षरात. ते परत चळतीत घातलं, 'आण्णा, भाऊ' ह्या नंबरातनं सुई घातली आणि उचलली. शेवंताचं कार्ड पुन्हा खाली पडलं. दोन्ही छिद्रं कापलेली होती, सरळ, काळजीपूर्वक. मयताच्या नावाची जागा कोरी होती.

नियमाप्रमाणं मी ते फाडायला हवं होतं. पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढली. ते एक कार्ड मात्र मी घरी आणलं. स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.